विखुरलेलें दप्तर आणि एकच कोठार

तेलगांवच्या चौकांत क्षणभर उभें राहून पाहिलें, तर एक वाट माजलगांवाकडे, दुसरी धारूराकडे, तिसरी वडवणीवरून बीडाकडे आणि चौथी सिरसाळ्यावरून परळीकडे जातांना दिसते. गांवें निरनिराळीं, वाहनें निरनिराळीं, पण मिळण्याचें ठिकाण एक. आज ज्या विषयाचा परिचय करून देण्याचें योजिलें आहे, तो वरवर पाहतां मोठमोठ्या कचेऱ्यांचा व यंत्रांचा वाटेल; परंतु त्याचें मर्म या चौकासारखेंच आहे. कचेरींतील माहिती पूर्वी ठिकठिकाणच्या ‘फाईल सर्व्हर’ नांवाच्या संगणकांत विखुरलेली असे. ती आतां एकाच मोठ्या कोठारांत आणून तेथून सर्वांस पुरविण्याची रीत पडली आहे. हा बदल कां झाला, कसा करावा आणि त्यांत सांभाळावयाचें काय, एवढेंच आज पाहूं.

प्रथम माझ्या हातून घडलेली एक चूक सांगतों. मी तेव्हां दुसऱ्या एका शाळेंत शिक्षक होतों. प्रवेशनोंदीचें जुनें रजिस्टर वाळवीनें पोखरूं लागलें, म्हणून तें सर्व संगणकावर उतरवून घेण्याचें काम मजकडे आलें. मीं तें हौसेनें पुरें केलें, व एक प्रतहि काढून ठेविली. परंतु ती प्रत ठेविली कोठें, तर त्याच संगणकाच्या पेटींतील दुसऱ्या कप्प्यांत! एके दिवशीं उन्हाळ्यांत वीज कमीजास्त झाली आणि ती पेटी मूळ माहितीसह व प्रतीसह निकामी झाली. पुढें कांहीं दिवसांनीं ऊसतोडीहून परतलेल्या एका कुटुंबांतील मुलगी निर्गम उतारा मागण्यास आली. रजिस्टरांतील तिचें पान वाळवीनें खाल्लेलें, आणि संगणक मुका. तिच्या आधींच्या शाळेंतून नोंद मिळवून उतारा देईपर्यंत वसतिगृहाच्या प्रवेशाची मुदत टळून गेली, व त्या मुलीचें एक वर्ष फुकट गेलें. ती मला कांहीं बोलली नाहीं. तिचे वडीलहि “असूं द्या, गुरुजी,” एवढेंच म्हणाले. परंतु माहिती जपणें हें यंत्राचें काम नसून माणसाचें कर्तव्य आहे, हा धडा मी त्या दिवशीं शिकलों.

आतां विषयाकडे वळूं. फाईल सर्व्हर म्हणजे काय? एका खोलींतील दहा संगणकांस तारेनें जोडून त्यांतील एकास ‘कपाट’ नेमावें, आणि सर्वांनीं आपले कागद त्यांत ठेवावे व त्यांतून काढावे, अशी ही योजना. १९८४ सालीं सन मायक्रोसिस्टिम्स या कंपनीनें दूरच्या संगणकांतील फाईल जणूं आपल्याच संगणकांत आहे अशा रीतीनें वापरण्याची एक पद्धति तयार केली, आणि अशीं कपाटें जगभर कचेऱ्याकचेऱ्यांतून दिसूं लागलीं. व्यवस्था सोपी व स्वस्त असल्यामुळें ती लोकांस आवडली. अडचण आली ती कपाटें वाढूं लागल्यावर.

आपल्या भागांतील मुलांस साखर कारखाना सांगावा लागत नाहीं, म्हणून उदाहरण तेंच घेऊं. समजा, एका कारखान्यांत शेतकी खात्याचा एक सर्व्हर आहे. त्यांत कोणत्या शेतकऱ्यानें कोणत्या गटांत किती ऊस लावला याची नोंद आहे. वजनकाट्यावर दुसरा सर्व्हर आहे. त्यांत प्रत्येक गाडीचें वजन आहे. हिशेब खात्याचा तिसरा. त्यांत उसाचें बिल आहे. तिन्ही ठिकाणीं शेतकऱ्याचें नांव निराळें लिहिलेलें. एके ठिकाणीं ‘विठ्ठल’, दुसऱ्या ठिकाणीं ‘विठल’. शेतकी खात्याचें कपाट काठोकाठ भरलें म्हणून नवीन विकत घ्यावें, तर काट्यावरचें अर्धें रिकामेंच पडलेलें. परंतु एकाची रिकामी जागा दुसऱ्याच्या उपयोगीं पडत नाहीं. प्रत्येकाची राखण निराळी, प्रत निराळी, कुलूप निराळें. त्यांतील एक बिघडला, कीं तेवढें खातें आंधळें होतें. आणि सर्वांत वाईट म्हणजे एकाच कागदाच्या चार प्रती चार ठिकाणीं राहून त्यांतील खरी कोणती हें कोणासच सांगतां येत नाहीं. असा घोळ झाल्यावर ज्याचें बिल अडकतें, तो शेतकरी मात्र एकटाच असतो.

यावर उपाय म्हणून जें निघालें, त्यास एकत्रित साठवण अथवा ‘युनिफाईड स्टोअरेज’ म्हणतात. तें समजण्यासाठीं आधीं डिस्क म्हणजे काय हें पाहिलें पाहिजे. फिरत्या चकतीवर चुंबकीय खुणांनीं माहिती लिहून ठेवणारें पहिलें बाजारी यंत्र आय. बी. एम. कंपनीनें १९५६ सालीं काढिलें. दोन दोन फूट व्यासाच्या पन्नास चकत्या एकावर एक रचलेल्या त्या प्रचंड यंत्रांत सुमारें पन्नास लक्ष अक्षरें मावत. आज नखाएवढ्या कार्डांत त्याच्या हजारों पट मजकूर मावतो. परंतु चकती मोठी असो वा लहान, ती केव्हां तरी बिघडणारच. मग एका डिस्कवर विसंबून न राहतां अनेक डिस्कांचा एक गट करावा, ही कल्पना पुढें आली. १९८८ सालीं बर्कली येथील कॅलिफोर्निया विद्यापीठांतील पॅटर्सन, गिब्सन व कॅट्झ या तिघांनीं ‘रेड’ या नांवानें तिची पद्धतशीर मांडणी केली.

तिच्यांतील युक्ति पांचवीच्या मुलासहि समजेल. पहिल्या डिस्कवर ६ हा अंक लिहिला, दुसरीवर ९ लिहिला, आणि तिसरीवर त्या दोहोंची बेरीज १५ लिहिली. आतां दुसरी डिस्क जळून गेली. तिच्यावर काय होतें? १५ मधून ६ वजा करा, उत्तर ९. हरवलेलें परत मिळालें! यंत्रांत बेरजेच्या जागीं थोडी निराळी क्रिया असते, पण तत्त्व हेंच. बेरजेची डिस्क जास्त लागली, एवढाच काय तो खर्च. त्याच्या मोबदल्यांत कोणतीहि एक डिस्क गेली तरी काम अडत नाहीं. मात्र दोन एकदम गेल्या तर ही युक्ति चालत नाहीं, हें ध्यानांत ठेवावें.

असा डिस्कांचा मोठा गट, त्याचा कारभार पाहणारे दोन संगणक (एक थांबला तर दुसरा काम पाहतो), आणि सर्व खात्यांकडे जाणाऱ्या तारा, असें हें कोठार असतें. तें माहिती तीन रीतींनीं पुरवितें. पहिली रीत म्हणजे मोकळी जमीन देणें. शेतकऱ्यास रान दिलें, कीं बांध व वाफे तो आपल्या मर्जीप्रमाणें घालतो. त्याप्रमाणें कोठार नुसती कोरी जागा तुकड्यातुकड्यांनीं देतें, आणि तिची मांडणी हिशेबाचा प्रोग्रॅम स्वतः करितो. या रीतीस ‘ब्लॉक’ म्हणतात. दुसरी रीत कपाटाची. खण, त्यांत पुडकें, पुडक्यांत कागद, आणि प्रत्येकावर नांव. ही ‘फाईल’ची रीत आपण वर पाहिलीच आहे. तिसरी रीत स्थानकावरील सामानघराची. तेथें आपण ट्रंक देतों व बिल्ला घेतों. ट्रंक कोणत्या फळीवर ठेविली याची चौकशी आपण करीत नाहीं, बिल्ला दाखविला कीं ट्रंक मिळते. छायाचित्रें, कागदांच्या प्रतिमा वगैरे अगणित वस्तु या तिसऱ्या म्हणजे ‘ऑब्जेक्ट’ रीतीनें ठेवितात. पूर्वी या रीतींसाठीं निरनिराळीं यंत्रें घ्यावीं लागत. एकत्रित कोठारांत साठा एक, राखण एक. वाटा मात्र ज्याच्या त्याच्या सोयीच्या. रिकामी जागा ज्यास लागेल त्यास मिळते, आणि एकदां कुलूप नीट बसविलें कीं तें सर्वांस पुरतें.

मुलांनो, हा बदल तुमच्या घरापर्यंत येऊन पोंचलेला आहे. तुमच्या वडिलांच्या खणांत जमिनीचा सातबारा असेल. गांवनमुना सात व गांवनमुना बारा मिळून जो उतारा होतो तो सातबारा. एके काळीं तो तलाठ्याच्या दप्तरांत हातानें लिहिलेला असे. (या अधिकाऱ्यांस २०२४ पासून ग्राम महसूल अधिकारी म्हणतात.) उतारा पाहिजे तर दप्तर जेथें असेल तेथें जावें, आणि तलाठी दौऱ्यावर असतील तर परत यावें! पुढें तोच मजकूर संगणकावर चढला. परंतु महाराष्ट्राचे तालुके ३५८, आणि माहिती तालुक्यातालुक्याच्या संगणकांत निरनिराळी पडलेली. म्हणजे कागदाचीं कपाटें जाऊन यंत्राचीं कपाटें आलीं, इतकेंच. २००८ सालीं केंद्र सरकारनें भूमि-अभिलेखांच्या आधुनिकीकरणाचा राष्ट्रीय कार्यक्रम हातीं घेतला, आणि पुढें आपल्या राज्यांत ‘ई-फेरफार’ प्रणालींत ही विखुरलेली माहिती मध्यवर्ती कोठारांत एकत्र आली. १ मे २०१८ रोजीं डिजिटल सहीचा सातबारा लोकांस मिळूं लागला. आज अडीच कोटींहून अधिक सातबारे या रीतीनें ठेविलेले आहेत, व पुण्यास कामाला गेलेला मुलगा तेथूनच गांवच्या रानाचा उतारा काढूं शकतो.

परंतु या कामांत सर्वांत शिकण्याजोगी गोष्ट यंत्राची नव्हे. हातानें लिहिलेलें संगणकांत उतरवितांना चुका होणारच: कोठें नांवांतील एक अक्षर गळालें, कोठें क्षेत्राचा दशांश सरकला, कोठें बहिणीचा हिस्सा राहून गेला. म्हणून २०१७ सालीं गांवोगांव ‘चावडी वाचन’ करण्यांत आलें. संगणकांतील नोंदी लोकांसमोर वाचून दाखवावयाच्या, मूळ हस्तलिखिताशीं ताडून पाहावयाच्या, ज्याची चूक असेल त्यानें ती सांगावयाची, आणि मग दुरुस्ति करावयाची. माहितीचें स्थलांतर म्हणजे नुसती नक्कल नव्हे, नक्कल अधिक पडताळा, हें तत्त्व याहून चांगलें कोणतें पुस्तक शिकवील?

कचेरींतील स्थलांतरहि याच क्रमानें केलें पाहिजे. पहिली पायरी मोजदादीची. कोणत्या कपाटांत काय आहे, तें कोणाचें आहे, कोण वापरतो, कोण वापरीत नाहीं, याची यादी करावी. घर बदलतांना जुना केरकचरा नव्या घरीं कोणी नेत नाहीं. त्याप्रमाणें दुबार प्रती व निरुपयोगी कागद मालकास विचारून बाजूस काढावे. दुसरी पायरी कुलपांची. कोणता कागद कोणीं पाहावा, कोणीं बदलावा, हें आधींच लिहून ठेवावें. नाहीं तर कागद नव्या कोठारांत जातात, पण दरवाजे सताड उघडे राहतात. तिसरी पायरी नकलेची. काम चालूं असतांनाच सर्व माहितीची एक नक्कल नव्या ठिकाणीं करावी. तोंवर जुन्यांत जे बदल होतील, तेवढेच पुन्हा उतरवावे. असें दोन तीन वेळां केलें कीं उरलेला फरक अगदीं थोडा राहतो. चौथी पायरी बदलाच्या रात्रीची. एके रात्रीं कचेरी बंद असतांना शेवटचा फरक उतरवून घ्यावा, आणि सकाळीं सर्वांस नव्या कोठाराची वाट दाखवावी.

पांचवी पायरी ताळ्याची. गुणाकार बरोबर आला कीं नाहीं हें पाहण्यासाठीं वडीलधारी मंडळी नऊचा ताळा पाहत. ३४७ या संख्येचे अंक मिळविले तर १४, पुन्हा मिळविले तर ५. नकलेंत ३४८ पडलें, तर ताळा ६ येईल व चूक सांपडेल. पण नकलेंत ३७४ असें उलटसुलट पडलें, तर ताळा पुन्हा ५ च येईल आणि चूक निसटेल! म्हणून संगणकांत याहून पुष्कळच कसोशीचे ताळे वापरतात. त्यांपैकीं एकांत २५६ द्विमान अंकांचा ठसा निघतो, आणि मूळांत एक अक्षर जरी बदललें तरी तो ठसा सारा बदलून जातो. मूळाचा ठसा व नकलेचा ठसा जुळला, तरच नक्कल खरी मानावी. आणि सहावी पायरी धीराची: ताळा जुळला म्हणून जुनें कपाट लगेच मोडूं नये. त्यांत नवें लिहिण्यास बंदी करून तें कांहीं महिने तसेंच वाचण्यापुरतें ठेवावें.

आतां दुसरी बाजूहि सांगितली पाहिजे. सर्व धान्य एकाच कोठारांत ठेविलें, आणि त्यास आग लागली तर? एकत्र करण्याचा हाच मोठा धोका होय. विखुरलेल्या कपाटांपैकीं एक बिघडलें तर एकच खातें थांबतें. मध्यवर्ती कोठार थांबलें तर सर्व गांवें एकदम थांबतात, आणि पीककर्जासाठीं उतारा काढण्यास आलेल्यांची रांग भर उन्हांत तशीच उभी राहते. शिवाय खंडणीसाठीं कागदपत्रांस गुप्त कुलूप ठोकणारे चोर आतां निपजले आहेत. त्यांसहि एकच दार फोडावें लागतें. म्हणून जाणत्यांनीं तीन, दोन, एक असा नियम घालून दिला आहे. महत्त्वाच्या माहितीच्या प्रती तीन असाव्या, त्या दोन निरनिराळ्या प्रकारच्या साधनांवर असाव्या, आणि त्यांतील एक तरी दुसऱ्या गांवीं असावी. कोठारांत क्षणोक्षणींचें चित्र टिपून ठेवण्याची सोय असते. चुकून पुसलेला कागद तींतून परत मिळतो. परंतु तें चित्र त्याच कोठारांत असल्यामुळें त्यास दुसरी प्रत समजूं नये. माझी चूक हीच होती. आणि प्रत आहे एवढ्यावर न थांबतां, ती मधून मधून परत उघडून पाहावी. ज्या शिडीवर कधीं चढून पाहिलें नाहीं, ती आगीच्या दिवशीं उपयोगीं पडेल असा भरंवसा कोण देईल?

जुन्या कागदांविषयीं दोन शब्द सांगतों. पुण्याच्या पुराभिलेखागारांत पेशवे दप्तराचे सुमारें पस्तीस हजार रुमाल आहेत. मोडी लिपींतील त्या ढिगांतून गोविंद सखाराम सरदेसाई यांनीं १९३० ते १९३४ या काळांत निवडक कागदांचे ४५ खंड प्रसिद्ध केले. कागद एके ठिकाणीं नीट बांधून ठेविले होते, म्हणूनच हें काम शक्य झालें. आपला बीड जिल्हा १९४८ पर्यंत हैदराबाद संस्थानांत होता व सरकारी कारभार उर्दूंत चाले. २०२३ सालीं मराठवाड्यांतील जुन्या कुणबी नोंदी शोधण्यासाठीं निवृत्त न्यायमूर्ति संदीप शिंदे यांच्या अध्यक्षतेखालीं समिति नेमली गेली. तेव्हां वर्षानुवर्षें कोणीं न उघडलेलीं गांवदप्तरें व शाळांचीं प्रवेश-रजिस्टरें उघडलीं गेलीं, आणि मोडी व उर्दू वाचणाऱ्यांस शोधीत फिरावें लागलें. ज्या कागदास काल रद्दी म्हटलें, त्यावर आज एखाद्या कुटुंबाचा दावा उभा राहतो. तेव्हां मजकूर यंत्रांत चढला म्हणून मूळ कागद जाळावा, असें कोणीं समजूं नये. आणि कागद राहिला तरी तो वाचणाराहि राहिला पाहिजे. हेंच यंत्रासहि लागू आहे. आजच्या फाईली वीस वर्षांनीं उघडणारा प्रोग्रॅम राहील कीं नाहीं, याचा विचार कोठार बांधणारानें आजच करावा.

पालकांस नम्र विनंति अशी. आपल्यांपैकीं पुष्कळजण दिवाळीच्या सुमारास तोडीवर जातात व मुलांची शाळा बदलते. २०१५ सालीं राज्यांत ‘सरल’ प्रणाली सुरू झाली, त्यांत विद्यार्थ्याची नोंद संगणकावर ठेविली जाते. शाळा बदलली तरी ओळख तुटूं नये, हा त्या व्यवस्थेचा लाभ. परंतु कोठारांत जें घालावें तेंच बाहेर निघतें. म्हणून पाल्याचें नांव, जन्मतारीख व आईचें नांव शाळेंत येऊन एकदां स्वतः वाचून पाहावें. वाचतां येत नसेल तर मुलाकडून वाचून घ्यावें. हेंच आपलें चावडी वाचन. घरीं दाखला, सातबारा व बँकेचें पुस्तक यांच्या प्रती काढून एक पेटींत, व एक दुसऱ्या गांवच्या विश्वासू नातलगाकडे ठेवावी. यास पैसा फार लागत नाहीं, आठवण लागते.

विद्यार्थिमित्रहो, तुमच्यांपैकीं कोणी पुढें अशा कोठारांचे राखणदार होतील. तेव्हां पडद्यावर तुम्हांस नुसते आंकडे दिसतील. प्रत्येक आंकड्यामागें कोणाचें तरी रान, कोणाचें बिल, कोणा मुलीचें वर्ष उभें आहे, हें मात्र विसरूं नका.

अभ्यासासाठीं प्रश्न

१. तीन डिस्कांपैकीं पहिलीवर ८ आहे व बेरजेच्या डिस्कवर १३ आहे. जळालेल्या डिस्कवर कोणता अंक होता?

२. ५२८ व ५८२ यांचे नऊचे ताळे काढा. या ताळ्यानें नकलेंतील कोणती चूक सांपडत नाहीं?

३. चावडी वाचन व संगणकाचा ताळा यांत साम्य कोणतें व भेद कोणता?

४. घरीं जाऊन विचारा: आपल्या कुटुंबाच्या महत्त्वाच्या कागदांच्या प्रती किती आहेत, व त्या कोठें ठेविल्या आहेत?